स्टूल आणि खुर्ची

दिवाळीच्या तोंडावर आमच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका संध्याकाळी, कापडदुकानांपुढची गर्दी चुकवीत, माझा एक विद्यार्थी घरी आला. सकाळी कॉलेज आणि दिवसभर एका कचेरीत शिपायाचे काम, अशी त्याची ओढाताण. जरा वेळ गप्प बसून म्हणाला, "सर, कॉलेज सोडावं म्हणतो. मित्र हसतात. ‘काय बे, पुस्तकं वाचून कलेक्टर होणारैस का?’ म्हणतात."

अशा प्रसंगासाठी आम्हा मास्तरांच्या पोतडीत एक हुकमी गोष्ट असते. मी ती काढली. 1809 साली केंटकीत, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेला अब्राहम लिंकन. शाळेतले सारे दिवस मोजले तर जेमतेम वर्षभराचे! त्याने दुकान चालवले, पोस्टमास्तरकी केली, स्वतःच्या बळावर कायदा वाचला, आणि 1860 साली तो अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.

पोरगा म्हणाला, "सर, ती अमेरिका. इथलं कुणी सांगा."

मी चपापलो. इथले उदाहरण अगदी इथेच तर होते! 1941 साली सोलापुरात जन्मलेले सुशीलकुमार शिंदे. घरची गरिबी, आणि जात अशी की पायरी चढताना माणूस आधी वर पाही. याच गावच्या कोर्टात त्यांनी शिपायाची नोकरी केली. साहेबाने घंटी वाजवली की उठायचे, एरवी स्टुलावर बसायचे. पण नोकरी सांभाळून ते शिकले, दयानंद कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे पोलीस खात्यात फौजदार झाले. 1971 साली ती पक्की नोकरी सोडून ते राजकारणात उतरले. शरद पवारांनी त्यांना या वाटेवर आणले. नुसत्या जिद्दीने सारे होत नाही, वेळेवर हात देणाराही लागतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

1974 साली करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत ते आमदार झाले. मग मंत्रिपद आले. अर्थमंत्री म्हणून त्यांनी राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडले. 2002 साली उपराष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. भैरोसिंह शेखावतांना 454 मते पडली, यांना 305. हरले, पण पाच महिन्यांतच, जानेवारी 2003 मध्ये, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. दलित समाजातले पहिले! नंतर आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री, आणि 2012 साली देशाचे गृहमंत्री. मौज अशी की, ज्या अखंड आंध्राचे ते राज्यपाल होते, त्याच्या विभाजनाचे विधेयक 2014 साली लोकसभेत त्यांनाच मांडावे लागले.

मी रंगात आलो होतो. पोराने मध्येच विचारले, "पण सर, ते इथंच पडले ना?"

खरे होते. गृहमंत्री असतानाच, 2014 साली, सोलापूरकरांनी त्यांना लोकसभेला पाडले. 2019 साली पुन्हा. माझी गोष्ट अशी अध्यक्षपदाच्या खुर्चीपाशी संपायची नव्हती. मी क्षणभर निरुत्तर झालो.

मग वाटले, हीच तर त्या गोष्टीची खरी गोम आहे. लिंकनसुद्धा 1832 साली पहिलीच निवडणूक हरला होता आणि 1858 साली सिनेटची जागाही त्याला मिळाली नाही. ज्या मतदारांनी कोर्टातल्या शिपायाला दिल्लीपर्यंत नेले, त्यांनीच त्याला खाली उतरवले. दोन्ही निकाल एकाच हक्काचे. राजाच्या राज्यात शिपाई राजा होत नाही, आणि राजाला कोणी घरीही पाठवू शकत नाही. वाचकहो, या देशात स्टूल हे जन्माचे नव्हे आणि खुर्चीही जन्माची नव्हे. एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

मी त्याला एवढेच म्हणालो, "तू मंत्री होशील असं मी सांगत नाही. पण ते स्टूल तुझ्या कपाळी लिहिलेलं नाही. हसणाऱ्यांना हसू दे."

तो काही बोलला नाही. बायकोने दिलेली चकली त्याने खाल्ली, चहा घेतला. दाराशी चपला घालता घालता मात्र वळून त्याने विचारले, "सर, परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा?"

मी तारीख सांगितली. तो पुन्हा पेठेतल्या गर्दीत मिसळला.