पोटातील पोकळी

बेळगाव-कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून बाहेर पडणारा ओतीव भाग वरून निर्दोष दिसला, तरी त्याच्या पोटात पोकळी असू शकते. ऐन भाराखाली तो तेथेच तडकतो. कारण बहुतेक धातू गोठताना आकसतात. ॲल्युमिनियमचे घनफळ सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते. ही तूट भरण्यासाठी साच्याला 'रायझर', म्हणजे जादा रसाची कोठी, जोडतात. ती भागानंतर गोठली पाहिजे. गोठण्याचा काळ घनफळ व पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हा नियम ख्वोरिनोव्ह यांनी १९४० साली मांडला. कोठी लहान झाली तर पोकळी राहते. मोठी झाली तर धातू व इंधन वाया जाते. यातील सुवर्णमध्य पूर्वी ओतून, कापून, पुन्हा ओतूनच सापडे. आता मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या 'ऑटोकास्ट'सारख्या संगणकप्रणाली रस कसा गोठेल हे पडद्यावर आधीच दाखवितात. मात्र रसाचे तापमान आणि वाळूचा ओलावा भट्टीपाशी उभ्या कारागिरानेच अचूक सांगावा लागतो. त्याचा अनुभव आणि नव्या पिढीचे गणित एकत्र नांदले, तरच हे यंत्र खरे उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.