जुना ओव्हन काढताना, नवा जोडताना

जुन्या ओव्हनचे कॉइल नीट तापेनासे झाले की घरात नव्या ओव्हनची चर्चा सुरू होते. किती लिटरचा घ्यावा, केक एकसारखा भाजला जाईल का, ओट्यावर मावेल का, हे सारे आपण बारकाईने पाहतो. तो ज्या सॉकेटवर चालणार, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. कुटुंबाच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरे तर तेथेच असतो.

प्रथम एक सोपे गणित करावे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. ओव्हनवर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की तो किती अँपिअर वीज ओढतो ते कळते. १३०० वॅटचा लहान ओव्हन साडेपाचाहून थोडी अधिक, तर २००० वॅटचा मोठा ओव्हन पावणेनऊच्या आसपास. पहिला ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर कसाबसा चालतो. दुसऱ्याला १६ अँपिअरचेच सॉकेट आणि त्या भाराची तार हवी. जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो. त्याने पिना जुळतात, तारेची क्षमता वाढत नाही. भार जास्त झाला तर एमसीबी पडेलच, या भरवशावरही राहू नये. त्या लाइनचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल, तर तो पडणार नाही आणि सॉकेट आतल्या आत वितळत राहील.

जुना ओव्हन काढण्यापूर्वी तो पूर्ण थंड होऊ द्यावा. बटण बंद करून, कोरड्या हातांनी, तार न ओढता प्लग धरून काढावा. पिना काळवंडल्या असतील किंवा प्लास्टिक मऊ पडले असेल, तर आधी ते सॉकेट बदलून घ्यावे. मोठा ओव्हन एकट्याने उचलू नये. कंबरेची दुखापत दीर्घकाळ पुरते.

मॉड्युलर किचनमधील ओव्हनची तार पुष्कळदा थेट भिंतीत जोडलेली असते. ती आपण स्वतः सोडवू नये. वायरिंग करताना फेज व न्यूट्रल उलटसुलट झालेले असले, तर बटण बंद असतानाही तारेत वीज राहते. घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन स्विच बंद केल्यावरही काही तारा जिवंत असू शकतात. म्हणून जाणकार वायरमन टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घेतो, मगच उघड्या तारेला लावतो.

वीज सुरक्षेच्या नियमांतही हाच विवेक आहे. वीजजोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर घरगुती उपकरण बदलण्यास मुभा आहे. नवी लाइन टाकणे वा तार बदलणे हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच काम.

तो आला की अर्थिंगही तपासून घ्यावे. ओव्हनचे अंग धातूचे असते, त्यामुळे अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नये. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्यास त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. नव्या ओव्हनभोवती माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवावी आणि पहिल्या वापरावेळी तासाभराने सॉकेटचे बटण बंद करून प्लगला हात लावून पाहावा. तो चांगलाच गरम लागला किंवा जळकट वास आला, तर वापर तेथेच थांबवावा.

आणि दुर्दैवाने कोणाला शॉक बसलाच, तर त्या व्यक्तीला स्पर्श करण्याआधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ वर फोन करावा. त्यासाठी मेन स्विच कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. आज रात्रीच्या जेवणापूर्वी मुलांना व आजी-आजोबांना तो एकदा दाखवून ठेवा.