बक्षीस कुणाला द्यायचं?
(लेखमाला : तंबाखू सुटताना – भाग ६)

गरोदर बाईने सिगारेट सोडली तर तिला किराण्याचं व्हाउचर द्यायचं, ही कल्पना ऐकताच आपल्याकडचा शिकलासवरला माणूस आधी नाक मुरडतो. पोटच्या लेकरासाठी एवढंही करवत नाही का, त्यासाठी वर पैसे मोजायचे? हा राग समजण्यासारखा आहे. पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ६१२ गरोदर स्त्रियांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना नेहमीचा सल्ला आणि औषधं मिळाली. उरलेल्यांना याच गोष्टींबरोबर एकूण ४०० पौंडांपर्यंतची व्हाउचरं मिळणार होती: सोडायचा दिवस ठरवला की ५०, चार आठवडे टिकलं की ५०, बारा आठवड्यांनी १००, आणि दिवस भरत आल्यावरही सिगारेट सुटलेलीच असेल तर २००. पहिल्या गटात ८.६ टक्के बायकांची सिगारेट सुटली, दुसऱ्या गटात २२.५ टक्के. पुढे २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या अशा चाचण्या एकत्र तपासल्या. गरोदरपणातल्या दहा चाचण्यांत बक्षीस मिळणाऱ्यांचं सिगारेट सुटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. बक्षीस बंद झालं की माणूस परत ओढायला लागतो, ही सर्वसाधारण शंकाही तिथे फारशी टिकली नाही.

यामागचं कारण साधं आहे. सिगारेटचं सुख आत्ता मिळतं आणि तिचा त्रास वीस वर्षांनी होतो. सोडणाऱ्याचं उलट असतं. तलफेचा, चिडचिडीचा त्रास आत्ता आणि फायदा कधीतरी. व्हाउचर त्या ‘आत्ता’मध्ये काहीतरी ठेवतं. आणि ४०० पौंड ही हातावर पोट असलेल्या घरात लहान रक्कम नाही.

आता न्यूझीलंडकडे वळू, कारण हा प्रश्न तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजात जितका गुंतागुंतीचा आहे तितका ग्लासगोत नव्हता. २०२२-२३ च्या सरकारी आरोग्य पाहणीत देशात रोज धूम्रपान करणारे प्रौढ होते ६.८ टक्के, माओरींमध्ये १७.१ टक्के. सिगारेटवरचा कर तिथे २०१० पासून दहा वर्षं सतत वाढत गेला आणि वीस सिगारेटचं पाकीट तीस डॉलरच्या पुढे गेलं. कराने सिगारेट कमी होते, यात वाद नाही. पण ज्या घरातली सुटली नाही, ते घर दर आठवड्याला दंड भरत राहतं. शिक्षेची बाजू इतकी भरभक्कम असलेल्या देशात बक्षिसाला लाच म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि तंबाखू तिथली नव्हेच. १७६९ मध्ये कॅप्टन कुक पोचला, त्याआधी माओरींना ती ठाऊक नव्हती. १८३९ मध्ये आजच्या वेलिंग्टनच्या जमिनीसाठी न्यूझीलंड कंपनीने जो माल दिला, त्यात बंदुका आणि घोंगड्यांबरोबर तंबाखू आणि पाइपही होते. १८४० मध्ये ब्रिटिशांबरोबरच्या वायतांगीच्या करारावर सह्या करणाऱ्या माओरी सरदारांच्या हाती घोंगड्यांसोबत तंबाखू ठेवली गेली. ऑस्ट्रेलियातही आदिवासी मजुरांना पीठ-साखरेच्या शिध्यात तंबाखू मिळत असे, कित्येकदा मजुरीच्या ऐवजी. तेव्हा त्याच राज्यव्यवस्थेची वारस असलेली नर्स दारात येऊन ‘तू सोड’ म्हणते, तेव्हा ते ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागत असेल, हे वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये माओरी व्यवहार समितीने संसदेत तंबाखू उद्योगाची जी चौकशी केली, तिचा जोर माणसांच्या सवयीपेक्षा या धंद्यावर होता. ‘२०२५ पर्यंत धूरमुक्त देश’ हे उद्दिष्ट त्यातूनच आलं.

त्या काळात आरोग्य खात्याच्या सहायक मंत्री राहिलेल्या टारियाना टुरिया यांनी ‘फानाऊ ओरा’ ही योजनाही आणली. फानाऊ म्हणजे कुटुंब, पण चौकोनी नव्हे. त्यात आजी-आजोबा, मावश्या, चुलत-मावस भावंडं सगळी येतात. आपली जुनी भावकी आठवा. सरकारी मदत एकेका माणसाला न देता त्या सबंध गोतावळ्याला द्यायची, हा टुरियांचा आग्रह. गरोदर माओरी स्त्रियांसाठीच्या व्हाउचर योजनांत काही भागांत हेच सूत्र उतरलं आहे. ती तर सोडतेच, पण तिच्याबरोबर राहणाऱ्या आणि ओढणाऱ्या माणसांनीही सोडली तर त्यांनाही व्हाउचर. दर भेटीत यंत्रात फुंकर मारायची, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड खाली आला असेल तर किराण्याची, लंगोटांची सोय.

इथे एक अडचणीचं सत्य सांगायला हवं. नुसता ‘घरच्यांचा आधार’ सिगारेट सोडवतो, याला पुरावा नाही. जोडीदाराला आधार द्यायला शिकवण्याच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेननेच २०१८ मध्ये घेतला आणि फरक जवळपास शून्य निघाला. बहुतेक चाचण्यांत शिकवणीनंतरही जोडीदाराकडून मिळणारा आधार काही वाढलाच नव्हता. आश्चर्य कसलं? आधार म्हणून नवरे काय करतात, ते आपण जाणतो. खिसे-पर्सा हुंगायच्या, ‘परत ओढलीस ना?’ म्हणून टोमणे मारायचे आणि मग स्वतः गॅलरीत जाऊन एक पेटवायची.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने यावर तोड काढली होती. आधार देणारी व्यक्ती गरोदर बाईनेच निवडायची, शक्यतो धूम्रपान न करणारी आणि शक्यतो बाई. दर महिन्याला सिगारेट सुटलेली दिसली तर व्हाउचर दोघींना. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात या गटातल्या ३२ टक्के स्त्रिया सिगारेटपासून लांब होत्या, दुसऱ्या गटातल्या ९ टक्के. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी हे आकडे २१ आणि ६ वर आले. म्हणजे गळती झालीच, पण तफावत राहिली. या चाचणीत पैशाचा वाटा किती आणि मैत्रिणीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. निवड बाईच्या हातात होती, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. कारण घरच्यांचं बक्षीस तिच्या फुंकरीवर अवलंबून ठेवलं की मदतनीसाचा पहारेकरी व्हायला वेळ लागत नाही. घरातल्यांना स्वतःच्या सिगारेटसाठी बक्षीस द्यावं, तिच्या सिगारेटसाठी नव्हे, हा न्यूझीलंडमधला मार्ग त्यामानाने निर्धोक.

माओरी गरोदर स्त्रियांवरची व्हाउचरची एक छोटी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती इतकी लहान होती की तिच्यावरून ठाम काही म्हणू नये. आदिवासी समाजांविषयी असं वारंवार होतं. धोरण त्यांच्यासाठी, पुरावा दुसऱ्यांच्या घरातला.

आपल्याकडे हे आणायचं म्हटलं तर पहिली अडचण यंत्राचीच येते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. गडचिरोलीत सिगारेटपेक्षा खर्र्याची पुडी हातोहात फिरते, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली. त्यात धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, म्हणून फुंकर मारून काही कळत नाही. लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारं द्रव्य, तपासावं लागेल, आणि निकोटिनचा च्युइंगम दिला असेल तर तेही फसवं ठरतं. तिथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावसंघटना आणि ग्रामसभांच्या बळावर विक्री बंद करायच्या मागे आहे. तिथली फानाऊ म्हणजे सबंध गाव. गावाला बक्षीस द्यायचं तर मोजायचं काय, दुकानातला माल की माणसांची लाळ?

पुढच्या आठवड्यात : कोटिनिन, चुना आणि खर्र्याचं रसायन.