गाडी वळणावरच का पडते?

सिकलसेलच्या लेकरांची विचारपूस करायला आम्ही भंडाऱ्याजवळच्या एका वस्तीत गेलो होतो. मे महिन्याचं ऊन. एका घरात नऊ वर्षांचा मुलगा जमिनीवर बसला होता, नुकताच दवाखान्यातून आलेला. समोर जत्रेतली सेलवरची आगगाडी. "सिस्टर, गाडी इथंच पडते जी," तो म्हणाला. आई वैतागली होती, "फेकूनच देतो म्हणते मी."

आम्ही म्हटलं, फेकू नका. सिकलसेलच्या लेकरानं खेळावं, पण भर उन्हात, दमेपर्यंत, पाण्याविना नाही. दुखणं ओसरल्यावर सावलीत बसून खेळायला असा खेळ चांगला. गाडी सारखी पडली तर मात्र लेकरू चिडते आणि उन्हात पळते. म्हणून आधी गाडी दुरुस्त करू.

दोष शोधा. इंजिन बाजूला ठेवा. एकेक डबा वळणावरून हातानं हळू ढकला. सगळे डबे एकाच जागी पडले तर दोष रुळात. एकच डबा जागोजागी पडला तर दोष त्या डब्यात.

रुळात दोष असेल तर सांध्यावरून बोट फिरवा. बोटाला खाच लागली तर सांधा नीट बसवा. वळणाचे तुकडे जबरदस्तीनं वाकवून जोडू नका. जमीन खोलगट असेल तर खाली पुठ्ठा घाला. डावं वळण संपताच उजवं वळण जोडू नका; मध्ये निदान डब्याच्या लांबीएवढा सरळ तुकडा हवा.

डब्यात दोष असेल तर चाकं पाहा. आसाला केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो, तो काढा. डबा फार हलका असेल तर तळाशी थोडं वजन चिकटवा. जड डबे इंजिनजवळ, हलके मागे. मधला हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो आणि पडतो.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. म्हणून खऱ्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात. आपल्या मोठ्या लाइनच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते. छंद म्हणून बनवतात त्या एचओ मापाच्या गाडीत फक्त १६.५. हा छंद लहान मुलांपुरताच नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालयच आहे.

त्या घरी सगळे डबे दाराजवळच पडत होते. तिथं जमीन दबली होती. वहीचा पुठ्ठा घातला, गाडी निघाली.

मग आम्ही पुठ्ठ्याची स्टेशनं करायला लावली: भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया. वाफेचं इंजिन स्टेशनात पाणी भरत असे. तसंच गाडी स्टेशनात थांबली की लेकरानंही दोन घोट पाणी प्यायचं. खेळात तहान विसरते आणि अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचं दुखणं उठते.

खेळ थांबवून लगेच दवाखान्यात न्या: १०१ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, पोट फुगणे व एकाएकी फिकट पडणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, न थांबणारं दुखणं. १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका.

सेल सांभाळा. सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. बटणासारखा चपटा सेल लहान लेकरानं गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, दुखते का याची वाट पाहू नका. तडक एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या, आणि तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत घ्या.