उपभोगाचा हिशेब देशांतर्गतही हवा

मी बंगळूरच्या चामराजपेटेत राहतो. १८९२ साली आखलेल्या या वस्तीसाठी कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणले जाते. ते मोजले जाते, त्याचे बिलही येते. मात्र इथल्या घरांत येणारी साखर आणि कापड तयार होताना जे पाणी खर्ची पडले, त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. टोनी ॲलन यांनी अशा पाण्याला ‘आभासी पाणी’ म्हटले.

हा हिशेब मांडण्याचे साधन अर्थशास्त्राकडे आहे. एका उद्योगाचा किती माल दुसऱ्या उद्योगात कच्चा माल म्हणून खपतो, हे दाखवणाऱ्या कोष्टकांसाठी वासिली लिओंतिएफ यांना १९७३ साली नोबेल मिळाले. त्याआधीच, १९७० साली, त्यांनी या मांडणीत प्रदूषणालाही स्थान दिले होते. आज एक्झिओबेस, इओरा यांसारखी प्रारूपे देशोदेशीची कोष्टके व्यापाराच्या आकड्यांनी एकत्र गुंफतात. त्यामुळे जर्मनीत विकल्या गेलेल्या यंत्रातील पोलादासाठी भारतात जळलेला कोळसा जर्मन ग्राहकाच्या खात्यावर दाखवता येतो.

भारताच्या दृष्टीने ही मांडणी मोलाची आहे. हवामान कराराच्या अधिकृत नोंदींत उत्सर्जन उत्पादक देशाच्या नावे लागते. युरोपीय संघाच्या कार्बन सीमाकराचा आर्थिक भार १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदींच्या आयातीवर लागू झाला आहे. वस्तू वापरणाऱ्यानेही जबाबदारी उचलावी, हा भारताचा युक्तिवाद म्हणूनच न्याय्य ठरतो.

पण हाच न्याय आपण घरात लावतो का? एक्झिओबेसमध्ये ४४ देश आणि उर्वरित जगाचे ५ प्रदेश आहेत. त्यात भारत हा एकच अखंड चौकोन आहे. मुबलक पावसाच्या प्रदेशातले लिटर आणि मराठवाड्यातले लिटर त्यात सारखेच मोजले जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच साखर हंगामासाठी केंद्राने कारखान्यांना ४० लाख टन निर्यातीचा कोटा ठरवून दिला होता. राष्ट्रीय सरासरीत ही विसंगती विरून जाते. शिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील शहरात गेलेली साखर आंतरराष्ट्रीय व्यापारात मोडतच नाही. म्हणून महानगरांचा भार अदृश्य राहतो.

तो दृश्य करण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल लागू आहे. ५० हजार रुपयांवरील मालाचा प्रकार, मूल्य आणि पोहोचण्याच्या ठिकाणाचा पिनकोड त्यात नोंदला जातो. व्यापाऱ्यांची ओळख वगळून ही माहिती जिल्हावार एकत्र करावी, तिला पीकनिहाय पाणीवापर आणि भूजलाच्या स्थितीची जोड द्यावी. लहान खरेदी आणि गोदामांतून होणारे फेरवाटप यांमुळे हे चित्र अपुरे राहील. तरीही आजच्या अंधारापेक्षा ते बरे.

या हिशेबातून कोणावर दोषारोप करायचा नाही. उसाला हमी दर आहे, म्हणून शेतकरी ऊस लावतो. साखर स्वस्त आहे, म्हणून शहर ती घेते. आटणाऱ्या विहिरीची किंमत मात्र या दोन्ही दरांत धरलेली नाही. ती कोणी आणि किती भरावी, हे ठरवायचे तर आधी ती कागदावर यायला हवी. युरोपकडे जबाबदारी मागणाऱ्या देशाने आपल्या शहरांनाही तीच मोजपट्टी लावावी.