मखरातले दिवे आणि अ‍ॅडाप्टरची निवड

गणपतीचे दिवस जवळ आले, की आपल्या नाशकात मेन रोड, रविवार कारंज्याकडची दुकानं दिव्यांच्या माळांनी झगमगू लागतात. आपण रंग पाहतो, लांबी पाहतो, घासाघीस तर करतोच; पण ते दिवे ज्या अ‍ॅडाप्टरवर लागायचे, त्याचा विचार कुणी करत नाही. ‘घरात जुना पडलाय की एखादा!’ म्हणून आपण मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे.

घरातली वीज २३० व्होल्टची, एसी. एलईडीच्या पट्टीला बहुधा १२ व्होल्ट लागतात, तेही डीसी. हा बदल अ‍ॅडाप्टर करतो. म्हणून त्याच्यावर ‘आउटपुट’पुढे छापलेले व्होल्ट आणि पट्टीवरचे व्होल्ट अगदी सारखे हवेत. १२ व्होल्टच्या पट्टीला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर जोडला, तर दिवे आधी लख्ख दिसतील, पण तापून लवकरच जातील. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर जोडला, तर ते लागणारच नाहीत.

दुसरा आकडा अँपिअरचा. हा जास्त असलेला चालतो, कमी मात्र चालत नाही. घागर मोठी असली तरी आपण पाणी हवं तेवढंच ओतून घेतो ना, तसंच! हिशेबही सोपा आहे, बरं का. पट्टीच्या पाकिटावर मीटरला किती वॅट ते पाहायचं. ४.८ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे २४ वॅट. १२ने भागले, की २ अँपिअर. त्यात पाव हिस्सा वाढवून अडीच धरावेत आणि ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर घ्यावा. जास्त उजेडाची, मीटरला १४.४ वॅटची पट्टी घेतली, तर तेवढ्याच लांबीला ६ अँपिअर लागतात. तिथे ३चा अ‍ॅडाप्टर नुसता तापत राहील.

आणि ही उष्णता मखराजवळ परवडणारी नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. कागद, पुठ्ठा, कापड, बांबू यांची मखरं दिसतात सुरेख, पण पेट घ्यायला त्यांनाही वेळ लागत नाही. म्हणून अ‍ॅडाप्टर पडद्यामागे खोचू नये. मोकळ्या हवेत, समईपासून आणि फुलांच्या पाण्यापासून दूर ठेवावा. पट्टी गुंडाळीवर असताना फार वेळ लावू नये. एका पट्टीच्या टोकाला दुसरी जोडली, तर शेवटचे दिवे मंद होतात. दोन्ही पट्ट्यांची टोकं वेगवेगळी अ‍ॅडाप्टरपर्यंत आणावीत. अर्थात, अँपिअर मग दोघींचे मिळून मोजायचे हं!

नवा अ‍ॅडाप्टर घेताना त्याच्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. स्थापनेच्या आदल्या दिवशी सगळे दिवे तासभर लावून अ‍ॅडाप्टरला बाहेरून हात लावून पाहा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववेनासा झाला, तर त्याच संध्याकाळी तो बदलून आणा.