फायलींच्या टेबलावरून फ्रंट-एंडकडे

मार्च 1989 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत मांडलेल्या, वेबच्या मूळ प्रस्तावाचा विषयच मुळी माहितीचं व्यवस्थापन हा होता. म्हणूनच ऑफिसात नोंदी-फायली सांभाळणारी व्यक्ती फ्रंट-एंडकडे, म्हणजे वेबपानाचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग घडवण्याकडे, वळते तेव्हा ती शून्यातून सुरुवात करत नाही. वर्डमध्ये ‘हेडिंग 1’ची स्टाईल एकदा बदलली की त्या स्टाईलचे सगळे मथळे बदलतात, वेबपानावर तेच काम सीएसएस करतं. एक्सेलमधलं ‘इफ’ वेबपानाच्या जावास्क्रिप्ट या भाषेतही भेटतं. जावास्क्रिप्ट एक्सेलच्या सूत्रांहून पुष्कळ अवघड आहे, हा आक्षेप खराच, आणि त्याला रोजच्या सरावाशिवाय उपाय नाही. पण अर्जात जन्मतारीख दहाजण दहा तऱ्हांनी लिहितात, तेव्हा रकान्याशेजारी नमुना द्यायलाच हवा, हे काउंटरवर अर्ज तपासलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.